बुंध्यापर्यंत सिमेंट

झाड पडलं तेव्हा गल्लीतल्या लोकांनी आधी गाडीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. झाडाकडे कोणी पाहिलं नाही.

मे महिन्यातली संध्याकाळ होती, पाच वाजले असतील. अकोल्यात त्या दिवसांत दुपारी कोणी बाहेर पडत नाही. दारं-खिडक्या लावून, कूलर सुरू करून माणसं ऊन उतरायची वाट पाहत पडलेली असतात. पश्चिमेकडे आभाळ आधी पिवळं झालं, मग मातकट. गच्चीवरचे कपडे काढायला मी जिन्यापर्यंत पोचते न पोचते तोच वारं आलं. पाऊस म्हणावा तर चार टपोरे थेंब. नुसतं वारं आणि धूळ, दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यात माझ्या घरापुढच्या तीन कडुनिंबांपैकी मधला मुळासकट उपटून रस्त्यावर आडवा झाला, आणि त्याचा शेंडा समोरच्या भाऊंच्या गाडीवर पडला.

कोणाला लागलं नाही. गाडीचं छत दबलं, काच फुटली. समोरचे भाऊ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, एरवी शांत माणूस. ते बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाले, "वहिनी, मी सांगत होतो तुमाले."

काय सांगत होते, ते मला आजवर आठवलेलं नाही. मला आठवतं ते इतकंच की दरवर्षी मार्च लागला की त्यांची गाडी त्याच झाडाच्या सावलीत उभी असायची.

ही झाडं आम्ही लावली तेव्हा जठारपेठेच्या पुढचा हा भाग नुसता प्लॉट पाडलेला होता. काळी माती, बाभळी आणि दूरवर तीन-चार घरं. आमचं घर बांधून झालं तशी मी कंपाउंडच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला तीन रोपं लावली. नवऱ्याची नोकरी अमरावतीला, तो शनिवारी यायचा नि सोमवारी पहाटे जायचा. त्यामुळे झाडं माझ्याच अंगावर होती. मी ज्युनियर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. रोपांना काटेरी कुंपण केलं, बकऱ्या हाकलल्या, उन्हाळ्यात कॉलेजला जायच्या आधी बादल्या ओतल्या. वीस-बावीस वर्षांत ती दुमजली घराच्या वर गेली. गल्लीत भाजीवाली बसायची ती त्यांच्याखाली, रिक्षावाले थांबायचे ते त्यांच्याखाली, आणि कोणाच्या घरी मयत झाली तर खुर्च्याही तिथेच मांडल्या जायच्या.

झाड रोप असतं तोवर सगळ्यांना त्याचं कौतुक असतं. ते मोठं झालं की प्रत्येकाला त्याचा काहीतरी तुकडा नको असतो. ह्याला पानं पडलेली नको, त्याला निंबोळ्यांची घाण नको, तिसऱ्याला दुकानाची पाटी दिसत नाही. वीज कंपनीची माणसं दर मे महिन्यात यायची आणि तारेच्या बाजूच्या फांद्या कोयत्याने सोलून काढायची. ती कापत नसत, अक्षरशः सोलत. फांदीची लोंबती साल बुंध्यापर्यंत ओरबाडत खाली यायची. अशी आठ-दहा वर्षं गेली, तेव्हा तिन्ही झाडं घराच्या बाजूला जड आणि रस्त्याच्या बाजूला बोडकी झाली. मग पाइपलाइनसाठी जेसीबी आला. बुंध्यापासून दोन फुटांवर चर खणला. तुटलेली मुळं, मनगटाएवढी जाड, मातीच्या ढिगात पांढरी दिसत होती. मी मुकादमाला म्हटलं की चर थोडा पलीकडून घ्या. तो म्हणाला, लाइन आखून आली आहे.

पुढच्या वर्षी फरशांचं काम आलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना सिमेंट ओतून वर लाल-पिवळ्या फरशा बसवल्या, थेट बुंध्यापर्यंत. मी दोन तास उन्हात उभी राहून भांडले, तेव्हा प्रत्येक झाडाभोवती वीतभर गोल जागा सोडली गेली. वीतभर. त्या वर्षी गल्लीतल्या बायका मला म्हणाल्या, किती छान स्वच्छ झालं ना, चिखलच नाही आता.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पडलेलं झाड कापायला एक वयस्क गृहस्थ आले. टिंबर मार्केटमागे राहणारे, वडिलांपासून लाकडाचंच काम. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, सायकलच्या मागे दोन करवती नि दोराचं भेंडोळं. सगळे त्यांना चाचा म्हणत होते, मीही म्हणायला लागले. बाकीचे येणारे-जाणारे फांद्या किती दिवसांत उचलल्या जातील ते विचारत होते. चाचा करवत न काढताच उपटलेल्या मुळांपाशी जाऊन उकिडवे बसले आणि बराच वेळ बसून राहिले. मग त्यांनी मला हाक मारली.

"ताई, इकडं या. ह्याले वाऱ्यानं नाई पाडलं."

मी गेले. मुळांचा तो गड्डा एखाद्या थाळीसारखा होता, रुंद पण उथळ. रस्त्याच्या बाजूची सगळी मुळं एका सरळ रेषेत संपलेली. त्यांची टोकं काळी पडून भुसभुशीत झाली होती. चाचांनी बोटाने दाबलं तर बोट आत गेलं. हे जेसीबीचं, ते म्हणाले. घराच्या बाजूला कंपाउंडच्या पायाशी आपटून मुळं मागे वळलेली. वर सिमेंट, त्यामुळे पाऊस आत गेलाच नाही. आणि काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, त्यात उरलेली मुळंही ताणून तुटलेली. झाडाला धरायला काहीच नव्हतं, आणि वरचं सगळं वजन एका अंगाला; घराकडून आलेल्या वाऱ्याने त्या जड अंगाला नुसता धक्का दिला.

मी त्या प्रत्येक गोष्टीचे फोटो काढत होते. माझ्या रागाला आता पुरावा मिळत होता. मुकादम, वीज कंपनी, फरशीवाले, सगळ्यांना मी मनातल्या मनात उभं करून जाब विचारत होते. तेवढ्यात चाचांनी बुंध्याच्या लगत, अगदी वरच्या थरात गुंतलेलं बारीक मुळांचं एक जाळं दाखवलं. काथ्याच्या पायपुसण्यासारखं दाट.

"पानी कोन देते ह्याले?"

"मीच देते."

"रोज?"

"उन्हाळ्यात रोज. दोन-दोन बादल्या."

"कुठं, बुडाशीच?"

मी हो म्हटलं. चाचांनी हातातली माती झटकली. त्यांना ते बोलायचं नव्हतं असं मला वाटतं, पण ते बोलले. "मंग मुळं खाली काहून जातीन ताई? पानी घरपोच भेटून राह्यलं तर."

सत्तावीस वर्षं मी मुलांना फळ्यावर मुळांच्या आकृत्या काढून दाखवल्या. पाणी शोषणारे केश मुळांच्या टोकाशी असतात, बुंध्याशी नसतात, हे मी किती तुकड्यांना पाठ करायला लावलं असेल. आणि घरी येऊन मी रोज बुंध्यावर पाणी ओतत होते, कारण तसं करताना झाडाचं काही केल्यासारखं वाटायचं. मी घरात गेले आणि ओट्यापाशी नुसती उभी राहिले. मुकादमाला काय म्हणायचं ते शब्द तोंडाशी तयार होते, पण आता त्या रांगेत मीही होते.

आठ दिवसांनी कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष अर्ज घेऊन आले. गल्लीतली सगळी मोठी झाडं धोकादायक आहेत, ती पावसाळ्याआधी तोडावीत, असा महापालिकेला अर्ज. खाली जवळजवळ सगळ्या घरांच्या सह्या. अध्यक्ष सभ्य माणूस, चहाला नाही म्हणाले नाहीत. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले की मॅडम, तुम्ही तर ह्याच विषयातल्या, तुम्हाला समजावायची गरज नाही. झाडं काय पुन्हा लावता येतात, आपण चांगली शोभेची लावू.

मी विचारलं, धोकादायक हे कोणी पाहून ठरवलं? ते म्हणाले, पडलं ना एक. मी म्हटलं, ते पाडलं गेलं, आणि कसं ते बाहेर येऊन बघा, गड्डा अजून तिथेच आहे. ते आले नाहीत. चहा संपवून, सही नंतर घेऊ म्हणत गेले.

त्या शनिवारी नवरा घरी आला तेव्हा त्याला बातमी आधीच कळली होती, समोरच्या भाऊंनी फोन केला होता. तो म्हणाला की सही करून टाक, रोज ह्याच माणसांची तोंडं बघायची आहेत. मी म्हटलं, माणसांची तोंडं तू आठवड्यातून दीड दिवस बघतोस. हे मी बोलायला नको होतं. रविवारभर आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. सोमवारी पहाटे निघताना तो दारात थांबून म्हणाला, "ती उरलेली दोन तरी नीट तपासून घे. फक्त भांडू नको."

मी महापालिकेत गेले. उद्यान विभागाच्या टेबलावर एक बाई होत्या, त्यांनी मला लगेच छापील अर्ज दिला. तो झाड तोडण्याचा होता. मी म्हटलं की मला तोडायचं नाही, झाडाभोवतीचं सिमेंट काढायचं आहे. त्यांनी दोन खण उघडून पाहिले. तसा अर्ज नाही म्हणाल्या. मग बांधकाम विभागात जा. बांधकामवाले म्हणाले, झाडाचा विषय उद्यानचा. मी पुन्हा वर आले. बाई म्हणाल्या, मॅडम, तोडायचं असतं तर दोन दिवसांत झालं असतं. त्या खरंच मला मदत करायच्या हेतूने बोलत होत्या, म्हणूनच मला जास्त चीड आली.

मी साध्या कागदावर अर्ज लिहिला, आवकचा शिक्का घेतला आणि घरी येऊन सब्बल काढली. चाचांना बोलावलंच होतं. दोघांनी मिळून दोन सकाळी काम केलं, ऊन चढायच्या आत. फरशी उचकटायची, खालचं सिमेंट फोडायचं, मुळाला न लागता माती हाताने मोकळी करायची. बुंध्यापासून मी आडवी झाले तर जेवढी लांबी होईल, तेवढी जागा रस्त्याच्या कडेने उघडी केली. निघालेल्या फरशा कंपाउंडला टेकवून नीट रचल्या, एकही फोडली नाही. दुसऱ्या दिवशी समोरचे भाऊ नि अध्यक्ष येऊन उभे राहिले. अध्यक्ष म्हणाले, ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मी कपाळावरचा घाम पुसून त्यांना म्हटलं, झाडही सार्वजनिकच आहे, तुम्ही माझ्याविरुद्ध अर्ज लिहा, त्याचा नमुना महापालिकेत मिळेल की नाही ते मला सांगता येणार नाही.

त्यांनी लिहिला नाही.

डाव्या हाताच्या झाडाची माती मोकळी करताना चाचांचा चेहरा बदलला. त्यांनी सायकलच्या चाकाची एक जुनी तार घेतली आणि बुंध्याच्या बुडाशी टोचत फिरले. रस्त्याच्या बाजूला ती तार सहज आत गेली, बोटभर, मग वीतभर. बुंध्याला कान लावून त्यांनी सब्बलीच्या दांड्याने ठोकलं आणि मलाही ऐकायला लावलं. आवाज पोकळ होता. उजवीकडचं झाड ठोकलं तर दणदणीत.

"हे ठेवू नका, ताई," ते म्हणाले. "ह्याच्या खाली ते भाजीवाली बसते."

 पुढच्या दोन दिवसांत मी झाडाभोवती किती फेऱ्या मारल्या ते गल्लीने पाहिलं असेल. तिसऱ्या दिवशी महापालिकेत जाऊन त्याच बाईंकडून तोच छापील अर्ज घेतला आणि सही केली. एका झाडापुरती. अध्यक्षांचा अर्ज माझ्या सहीवाचून अडून राहिला होता. त्यांनी सांगितलं होतं तसंच झालं, दोन दिवसांत माणसं आली. समोरचे भाऊ गेटापाशी येऊन मला म्हणाले, शेवटी पटलं ना वहिनी. त्यांना वाटलं मी हरले. मी त्यांना कापलेल्या बुंध्याची चकती दाखवली. अर्धी चकती तपकिरी चुरा होती. हे तुमच्या पाइपलाइनचं, म्हटलं. त्यावर ते म्हणाले, पाणी तर सगळ्यांनाच लागते.  मला एवढंच कळतं की चर चार फूट पलीकडून गेला असता तरी पाणी आलं असतं.

उरलेल्या एकट्या झाडाची चाचांनी छाटणी केली, पण मला वाटलं होतं तशी नाही. मी म्हटलं, शेंडा कापून ठेंगणं करा, म्हणजे वारा लागणार नाही. ते म्हणाले, शेंडा कापला की वर झाडूसारखे कच्चे फुटवे येतात आणि पुढच्या वादळात तेच आधी तुटतात. शिवाय भर उन्हाळ्यात जास्त उघडं केलं तर साल भाजते. म्हणून मे महिन्यात त्यांनी फक्त वाळलेल्या फांद्या आणि घराकडच्या दोन जड फांद्यांची टोकं हलकी केली. बाकीचं काम दिवाळीनंतर, थोडं थोडं. फांदी कापताना आधी खालून अर्धी चीर, मग थोडं पुढून वरून काप, म्हणजे वजन सुटतं आणि साल ओरबाडत नाही. आणि मग उरलेला खुंट. पण खुंट बुंध्याला घासून कापायचा नाही. फांदी जिथे फुगीर होऊन बुंध्याला मिळते ती तिची मान, ती ठेवायची. तिथूनच जखम भरते. कापलेल्या जागेवर लावायला मी घरातून गेरू घेऊन आले तर त्यांनी नको म्हणून हात हलवला. झाडाचं झाड पाहून घेईल.

त्याच आठवड्यात वीज कंपनीची गाडी आली. वर चढणारा लाइनमन तिशीतला, उन्हाने काळवंडलेला, सकाळपासून बहुधा वीस झाडं केलेला. मी शिडीपुढे उभी राहिले. तो म्हणाला की मॅडम, लाइन गेली की लोक आमालेच शिव्या देतात. खरं होतं ते. भांडण वाढणार होतं, पण चाचा मध्ये पडले आणि त्याला वर बोट करून दाखवलं: ही फांदी तारेकडे वाढून राहिली, हिला मधेच तोडली तर चार फुटवे फुटतीन आणि तू पुढच्या वर्षी पुन्हा येशीन, तिथं मागं, मानेपाशी काढ. लाइनमनने थोडा वेळ वर पाहिलं. मग कोयता खाली टाकून चाचांची करवत मागितली. दोनच फांद्या काढल्या, अर्ध्या तासात काम झालं. उतरल्यावर म्हणाला, "हे आमाले कोनी शिकवलंच नाई."

त्यावर मी काय रागावणार. पण गाडी गेल्यावर मला त्याच वाक्याचा संताप आला. ह्या माणसाच्या हातात दरवर्षी हजारभर झाडं दिली जातात.

पुढचा उन्हाळा कठीण गेला. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. मी रोजच्या बादल्या बंद केल्या आणि झाडाची सावली जिथे संपते त्या कडेला सात-आठ खड्डे केले, त्यात पालापाचोळा भरला, आणि पंधरा-वीस दिवसांतून एकदा, भाज्या-तांदूळ नि कूलर धुतल्याचं, साठवलेलं सगळं पाणी तिथे हळूहळू सोडायला लागले. लोकांना ते रस्त्यावर पाणी टाकणं वाटायचं. झाड तिकडं नि तुमी पानी इकडं काहून ओतून राहिल्या, असं दोघी-तिघींनी विचारलं. मी समजावलं. एकीने ऐकलं, बाकीच्या हसल्या. एप्रिलमध्ये एकदा सकाळी मी खड्ड्यांत पाणी सोडायला गेले तर चार खड्ड्यांवर समोरच्या भाऊंची नवी गाडी उभी. सावली तेवढीच उरली होती ना. ज्या माणसाने हे झाड तोडायच्या अर्जावर सही केली होती, त्याचं दार वाजवून मी त्याला म्हटलं, भाऊ, गाडी काढा, झाडाला पाणी द्यायचं आहे. त्यांनी काढली. पाणी जिरल्यावर पुन्हा लावली.

मग मे महिन्यातलं वादळ आलं, ह्या वेळी दुपारी साडेतीनला, तेही गारांसकट. मी खिडकीशी उभी होते. झाड एवढं वाकत होतं की मला बघवेना, पण बघत राहिले. वारं थांबलं तेव्हा ते उभं होतं. एक मध्यम फांदी मोडून कंपाउंडवर पडली होती, दोन कुंड्या फुटल्या. पाठीमागच्या गल्लीत, जिथे शेंडे छाटले होते आणि बुंध्यापर्यंत फरशा तशाच होत्या, तिथे दोन झाडं गेली. मी तिथे गेले नाही. कोणाला मी सांगितलं होतं असं म्हणायची माझी इच्छा नव्हती. आमच्या दारातली दोन झाडं गेली त्यातला एक वाटा माझ्या बादल्यांचा होता, ते मला ठाऊक आहे. संध्याकाळी चाचांना फोन केला. ते म्हणाले, मोडली तिथं उद्या येऊन साफ काप घेऊन देतो, आज हात लावू नका.

ह्या जुलैत आमच्या गल्लीत वृक्षारोपण झालं. हार, फोटो, पाण्याची झारी. जिथे माझी दोन झाडं होती तिथेच दोन खड्डे, प्रत्येकात एक रोप, आणि कार्यक्रम संपताच मजूर रोपाभोवती फरशा परत बसवायला लागले. वीतभर गोल सोडून. नवीन मुकादम होता. मी त्याला सांगितलं की हे झाड मोठं होणार आहे. तो हसून म्हणाला, "मोठं झालं का मंग पाहू."

मोठं झाल्यावर पाहायला तो इथे नसणार, अध्यक्ष नसणार, मीही कदाचित नसेन. झाड मात्र त्याच वितीत उभं असेल आणि कोणीतरी त्याला धोकादायक म्हणेल. मी रोपापाशी रस्त्यावरच बसले. साडी खराब झाली. माझ्या वयाच्या बाईला उठवायला कोणी धजावेना. शेवटी मुकादमाने कोणाला तरी फोन केला, वैतागून मजुरांना सांगितलं आणि दोन्ही रोपांभोवतीच्या चार-चार फरशा काढल्या.

मला आठ-आठ हव्या होत्या.